शिऊबाईची पद्धत

"बसू देऊ नको तिला! कासम, लगाम वर धर, वर!"

आबांचा आवाज ऐकला आणि तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी अंगणात धावले.

पायरीसमोर कासमभाईची घोडी उभी होती. लवंगी. उभी कसली, चार पायांवर लटकत होती म्हणा. महाबळेश्वरातली डिसेंबरची सकाळ. गवतावरचं दव गोठून मिठासारखं झालेलं, माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि त्या घोडीच्या अंगावरून मात्र घामाच्या धारा. पुढच्या खुरानं जमीन उकरायची, मान वळवून आपल्याच कुशीकडे बघायची आणि गुडघे मोडायला लागायची. घोड्याचं पोट धरलं की तो असाच करतो. आडवा पडून लोळला की आतड्याला पीळ पडतो, आणि मग त्याला उठवणारा वैद्य अजून जन्माला यायचाय.

"किती पाणी प्यायली?" आबांनी विचारलं.

"पोटभर, आबाजी. पाव्हण्यांनी दौडवत आणली तळ्यावर. अंगातनं वाफा निघत होत्या आणि मी तसंच पिऊ दिलं. वेण्णेचं पाणी, बर्फासारखं." कासमभाईनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. "मी गाढव, आबाजी. गाढव."

"गाढवाला अक्कल असते," आबा म्हणाले. "ते तापल्या अंगानं गार पाणी पीत नाही."

माझे वडील गेनू सलोत्री. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. डोंगरावर तेव्हा हवा खायला आलेल्या पाव्हण्यांना फिरवणारी शंभरावर घोडी होती, आणि आबांचा हात पोटावरून फिरला नाही असं एकही जनावर नव्हतं. शाळा नाही, पाटी नाही. माळ्यावर वाशाला टांगलेली चाळीसेक गाठोडी, सगळी एकाच मांजरपाटाची, आणि प्रत्येकाला निराळ्या रंगाचा दोरा. तेच त्यांचं पुस्तक. आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता वाहून आवतण द्यायचं, सकाळी मुक्यानं जाऊन मुळी काढायची, आणि घरी आणली की तिचं नाव कुणापाशी उच्चारायचं नाही. नाव घेतलं की औषध मरतं. हा आमच्या घराचा कायदा होता.

त्या सकाळी त्यांची मुळी उगाळून पाजून झाली होती. तास गेला तरी घोडीच्या पोटाला कान लावला तर आत सामसूम. आबा उठले, धोतराला हात पुसले आणि म्हणाले,

"केवळे, जा. शिऊबाईला घेऊन ये."

मी चपला शोधायला जरा जास्तच वेळ लावला.

*

शिऊबाईचं खरं नाव सिऊलान. बाजारात लिआंग बूटवाला होता, त्याची बायको. जन्म कलकत्त्याचा, लग्न होऊन डोंगरावर आली त्याला दहा वर्षं झालेली. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिचा आजा चीनमध्ये खेचरांचे तांडे हाकायचा, चहाच्या पेट्या लादून महिनोन् महिने डोंगर तुडवायचा. वाटेत खेचर आजारी पडलं तर त्याच्या पुड्यांवर ते उभं राहायचं. त्याच्या पुड्यांची विद्या नातीकडे आली होती. आजानं ती नातीला का दिली, हा प्रश्न मला फार छळायचा.

कारण माझ्या आबांनी मला दिली नव्हती.

सासरहून परत येऊन मला चार वर्षं झाली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मी माझं गाठोडं उचललं. आल्या दिवसापासून आबांचं औषध वाटायचं काम माझं. पण आबा मुळीची साल काढून, बारीक तुकडे करून, मगच खलात टाकायचे. पान दिसू द्यायचे नाहीत, देठ दिसू द्यायचे नाहीत. "वाट," एवढंच म्हणायचे.

"आबा, हे काय आहे?"

"औषध आहे."

"नाव काय त्याचं?"

"लेकीला नाव सांगत नाहीत. लेक परक्या घरची. नाव तिच्याबरोबर उंबरा ओलांडतं."

"मी ओलांडून परत आलेय की आता."

"तेच तर. एकदा ओलांडलेली पुन्हा कधी ओलांडेल, काय सांगावं?"

तरी हाताला डोळे असतात. चार वर्षांत माझ्या नाकानं आणि बोटांनी सगळी गाठोडी ओळखून ठेवली होती, फक्त बिननावाची. तांबड्या दोऱ्याचं वाटलं की मला ओळीनं सात-आठ शिंका यायच्या. हिरव्या दोऱ्याचं खलाला चिकटायचं. आणि काळ्या दोऱ्याचं वाटलं की बोटांची टोकं मुकी व्हायची; चिमटा काढला तरी कळायचं नाही. त्या दिवशी आबा माझे हात तीनतीनदा धुवायला लावायचे आणि भाकरी थापू द्यायचे नाहीत. स्वतः पिठलं-भात करायचे. कच्चा भात आणि करपलेलं पिठलं.

आणि मग त्या पावसाळ्यानंतर शिऊबाई यायला लागली. दुपारी आमच्या ओट्यावर बसायची, मांडीवर वही, हातात शिसपेन्सिल. मी आत खल कुटत असायचे आणि बाहेरून आबांचा आवाज यायचा, सावकाश, एकेक शब्द तोडून. तो शब्द म्हणजे नाव असायचं. झाडाचं नाव! आबा सांगायचे, ती आपल्या चिनी अक्षरांत लिहून घ्यायची, आणि मग ती तिच्याकडची नावं सांगायची, हौपो, तांगक्वेई, आणि माझे आबा शाळकरी पोरासारखे पाठ करायचे. हसायचेसुद्धा. माझ्या आईच्या माघारी आबांना हसताना मी ऐकलं नव्हतं.

एकदा मी विचारलंच. "तिला बरी नावं सांगता?"

"ती परमुलखातली. तिच्या भाषेत गेलेलं नाव आपल्याकडं कुणाला कळतंय? न सांगितल्यासारखंच ते."

सवत मी सासरी पाहिली होती. माहेरीही एक येईल असं वाटलं नव्हतं. खलबत्त्यावर हात फिरवताना आपोआप तोंडात यायचं:

*बापाच्या गं ओट्यावर, आलं परदेशी पाखरू*
*लेक वाटीते औषध, त्याचं नाव कुणा विचारू*

*

शिऊबाई आली ती पत्र्याचा डबा काखेत मारूनच. एक शब्द न बोलता तिनं घोडीचे कान चाचपले, ओठ उलटून हिरड्या पाहिल्या, कुशीला कान लावला.

"कान गार, तोंड गार," ती म्हणाली. तिचं मराठी बाजारातलं, पण नेमकं. "पोटात थंडी बसली, आबाजी. गाठ झाली थंडीची. तुमची मुळी चांगली. पण एकटी गेली आत. एकट्यानं लढाई होत नाही."

"मग?"

"राजा पाहिजे, प्रधान पाहिजे, हाताखाली शिपाई, आणि पुढं वाट दाखवणारा. नऊ जण जातील तेव्हा थंडी पळेल. माझ्या आजाचा नुस्खा आहे, खेचर गार पाणी पिऊन पडलं की द्यायचा."

"तुझा राजा कोण?" आबांनी विचारलं. एवढ्या गडबडीतही त्यांचे कान टवकारले होते.

शिऊबाईनं डबा उघडला आणि काळ्या पडलेल्या, वातड, आठ-आठ वर्षं मुरवलेल्या साली बाहेर काढल्या. "संत्र्याची साल."

"या अल्ला!" कासमभाई म्हणाला. "आम्ही फेकतो ते तुमच्यात राजा?"

"तुम्ही फेकता, म्हणून तुमची घोडी पडते," ती म्हणाली. लगाम धरून रडकुंडीला आलेला माणूस हसला. आबाही हसले. मी सोडून सगळे हसले.

तिनं ओट्यावर फडकं पसरून एकेक चीज मांडली. पिकल्या संत्र्याची साल. कच्च्या संत्र्याची हिरवी साल. सुंठ, दालचिनी, बडीशेप, सुपारी. मी बघतच राहिले. ही तर माझ्या मसाल्याच्या डब्यातली माणसं! एवढ्यासाठी हिला बोलावणं? मग चिनी जिनसा: हौपो नावाची जाड साल, आणि अजमोद्याच्या वासाचं तांगक्वेईचं मूळ. आठ झाले.

"नववं संपलं," तिनं डब्याच्या तळाशी बोट फिरवलं. "बारीक मूळ असतं. तिखट, गरम, नाकात जाणारं. तोच वाट दाखवतो. कलकत्त्याहून आणवते, या वर्षी आलं नाही."

"तिखट, गरम, नाकात जाणारं," आबा पुटपुटले. "माझ्याकडं आहे तसं. त्याच्या जागी चालेल. केवळे, तू ही आठ वाटायला घे. मी माळ्यावर जातो."

*

स्वयंपाकघरात मी एकटी. समोर खल, फडक्यावर आठ जिनसा. बाहेर घोडीचा खूर दगडावर आपटत होता, खट, खट, खट, आणि कासमभाई तिला म्हणत होता, "बस माझी राणी, थोडं, थोडंसं." एकच घोडी होती त्याची. मूलबाळ नव्हतं, बायको गेलेली. जे काही होतं ते ती घोडी.

आणि मला त्या घडीला घोडीची पडली नव्हती. मला दिसत होतं ते एवढंच: आबांचं औषध हरलं होतं, आणि हिचं जिंकणार होतं. एकदा हिच्या हातून लवंगी उठली की हा ओटा हिचा. ही नावं हिची. आबा हिचे. मी मरेपर्यंत खल कुटायचा, बिननावाचा.

मग मला आमच्या घरचा कायदा आठवला.

मी संत्र्याची साल उचलली. खलावर धरली. आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "संत्र्याची साल!"

अंगावर काटा आला. जन्मात पहिल्यांदा मी औषधाचं नाव औषधाच्या तोंडावर घेतलं होतं. मेला राजा.

"सुंठ!" टाकली. "दालचिनी! बडीशेप! सुपारी!" एकेकाचं नाव घेऊन एकेकाला खलात मारत गेले. "हिरवी साल!" चिनी नावंही चोरून ऐकलेली, तीही सोडली नाहीत. "हौपो! तांगक्वेई!"

मान वर केली तर दारात शिऊबाई.

किती वेळ उभी होती कोण जाणे. बत्ता माझ्या हातात तसाच राहिला. आता ही आबांना हाक मारणार, आबांना सांगणार, आणि आबा मला पुन्हा खलाला हात लावू देणार नाहीत. माझ्याजवळ उरलेलं तेवढंच एक होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग खलाकडे. मग तिचा चेहरा उजळला.

"अरे वा," ती म्हणाली. "तुला कुणी शिकवलं? आमच्यात हीच पद्धत. वाटताना प्रत्येकाला नावानं हाक मारायची. म्हणजे कुणी झोपत नाही, कुणी विसरत नाही. माझा आजा असाच ओरडायचा."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी शाप दिला, तो हिच्यात मंत्र निघाला! बाईला हरवायचं तरी कसं? मी दात-ओठ खाऊन बत्ता हाणायला लागले.

तेवढ्यात आबा माळ्यावरून उतरले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय जरा चाचपडला. बंद मूठ त्यांनी माझ्या खलावर आणली आणि उघडली. साल काढलेले, बारीक केलेले तुकडे, नेहमीसारखे.

"वाट," म्हणाले, आणि बाहेर गेले. शिऊबाई पाणी तापवायला चुलीकडे वळली.

तिखट, गरम, नाकात जाणारं. म्हणजे तांबड्या दोऱ्याचं. मी शिंकायची तयारी ठेवून बत्ता फिरवला. एक वेढा. दुसरा. दहावा. शिंक आली नाही.

चिमटीत भुकटी घेऊन चोळली. मऊ झाली का बघावं म्हणून. आणि माझ्या अंगठ्याला मुंग्या आल्या. मग शेजारच्या बोटाला. मी नखानं टोचलं. काही कळलं नाही.

काळा दोरा.

आबांनी आजवर हे कधी पोटात दिलं नव्हतं. लंगड्या घोड्याच्या सांध्याला तेलात कालवून लावायचे, वरून, आणि ते चाटू नये म्हणून घोड्याचं तोंड बांधून ठेवायचे. मला नाव माहीत नव्हतं. पण ते काय आहे हे मला माहीत होतं.

मी दाराबाहेर पाहिलं. आबा घोडीच्या मानेवरून हात फिरवत होते. त्यांची बोटं आयाळ शोधत होती, डोळे दुसरीकडेच होते. तो शिडीवरचा पाय. परवा चहाची कपबशी बाजूला ठेवताना ती ओट्याच्या कडेबाहेर सोडलेली. मध्यंतरी मला 'पलीकडचं दार लाव' म्हणालेले, ते आधीच लावलेलं होतं. चाळीस गाठोडी एका कापडाची, माळ्यावरचा अंधार, तांबडा दोरा आणि काळा दोरा. आणि नाव घ्यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, असा कायदा. मग चूक झाली तर सांगणार कोण?

"झालं?" शिऊबाईनं चुलीपासून विचारलं.

आता मी खोटं बोलणार नाही. इतक्या वर्षांनी कशाला बोलू?

मला वाटलं, पाजू दे.

नुस्खा हिचा, डबा हिचा. घोडी मेली तर अख्खा बाजार म्हणेल, चिनीबाईच्या पुडीनं मेली. आबा हिला पुन्हा ओट्यावर बसू देणार नाहीत. आणि आबांची चूक कुणाला कळणारही नाही, त्यांचं नाव राखल्यासारखं होईल. बघा, माणसाचं मन पाप करताना कसं पुण्याचं धोतर नेसतं.

"झालं," मी म्हणाले.

तिनं गरम पाण्यात भुकटी कालवली. पितळेची वाटी आणि पाजायची बांबूची नळी मीच उचलली. स्वयंपाकघरापासून घोडीपर्यंत तीस पावलं. ती तीस पावलं मी चालले. वाटी हिंदकळू न देता चालले.

कासमभाईनं लवंगीचं तोंड वर केलं. तिचे डोळे माझ्याकडे लागले होते, कडेनं पांढरे. मी तिला रोज भाकरीचा तुकडा द्यायचे. तिला वाटलं असावं, आजही तेच आणलंय. ओठ पुढं करून तिनं माझा पदर हुंगला.

मी तरीही गप्प होते.

"थांब," शिऊबाई म्हणाली. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली. "आधी मी."

"तू कशाला?" आबा म्हणाले.

"आमच्यात पद्धत आहे. वैद्यानं आधी स्वतः एक घोट घ्यायचा. मग जनावराला."

आणि तिनं वाटी ओठांशी नेली. सावकाश. अगदी सावकाश. माझ्याकडे बघत.

माझा हात कसा उठला ते मला माहीत नाही. फाडकन तिच्या हातावर बसला. वाटी उडाली, दगडावर आपटून ठणठणत पायरीपर्यंत गेली. सगळं औषध मातीत.

"केवळे!" आबा ओरडले.

"जळकी!" कासमभाई किंचाळला. "जळकी कुठली! माझी घोडी मरतेय आणि तुला... तुला..." 

मी आबांकडे वळले.  सांगायचं कसं? नाव तर मला दिलेलंच नव्हतं.

"आबा, हे ते नाही," मी म्हणाले. "हे ते दुसरं. ज्या दिवशी तुम्ही मला भाकरी थापू देत नाही ना... ते."

आबा खाली वाकले, मातीतला ओला चिखल चिमटीत घेतला आणि चोळत उभे राहिले. आम्ही तिघं बघत होतो. घोडीचा खूर तेवढा वाजत होता. मग आबांनी आपल्या बोटाला दातांनी चावून पाहिलं. पुन्हा चावलं. 

"मी म्हटलं होतं, आबाजी," शिऊबाई हळूच म्हणाली. "तुमच्या डोळ्यांचं हिला सांगा."

म्हणजे हिला ते माहीत होतं. सारवल्या ओट्यावर बसून, वहीत नावं लिहून घेऊन, ती माझ्या बापाची गाठोडी चिठ्ठ्या लावून वेगळी करत होती, हे पुढं मला तिनंच सांगितलं. निम्मी झाली होती, निम्मी राहिली होती. आंधळा होत चाललेल्या माणसाला परक्या बाईपुढं लाज वाटली नव्हती. लेकीपुढं वाटली होती.

"तांबडा दोरा कुठला ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी आणते."

कुणी नको म्हणालं नाही. माळ्यावर मी पहिल्यांदा एकटी चढले. गाठोडं सोडलं, नाकाशी धरलं आणि शिंकले. सात वेळा. त्या शिंका खाली अंगणात ऐकू गेल्या असणार, कारण उतरले तेव्हा आबा म्हणाले, "हां. हेच."

खल तीनदा धुतला, राखेनं घासला. शिऊबाईच्या डब्यात अजून एक वेळचं पुरेल एवढं होतं. या वेळी ती माझ्या शेजारी बसली. मी एकेक जिन्नस उचलला आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनंच सुरुवात केली. "संत्र्याची साल," ती म्हणाली. मी म्हणाले, "संत्र्याची साल." टाकली. "सुंठ." "सुंठ."

नवव्याला आम्ही दोघी गप्प झालो. मला नाव माहीत नव्हतं, तिनं घेतलं नाही.

दारातून आबांचा आवाज आला. "पिंपळमूळ."

दुपारचं ऊन अंगणात आलं तेव्हा लवंगीच्या पोटात ढग गडगडावेत तसं गडगडलं. मग तिनं शेपूट उचललं. त्या लिदीकडे बघून कासमभाई जो काही नाचला, तसा तो आपल्या निकाहातही नाचला नसेल. आबांना मिठी, मला मिठी मारता येईना म्हणून माझ्या पायाला हात लावायला वाकला. "बेटी, तुला जळकी म्हणालो. जीभ झडो माझी. तुला शेवटच्या घडीला कळलं म्हणून वाचली."

"शेवटच्या घडीला," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर गप्प बसले.

दिवेलागणीला आबा ओट्यावर बसले होते. मला शेजारी बसवलं. बराच वेळ माझी बोटं हातात घेऊन दाबत राहिले, जाग आली का बघत. मग म्हणाले, "बचनाग."

"काय?"

"ते काळ्या दोऱ्याचं. बचनाग म्हणतात त्याला."

पिंपळमूळ घोडीसाठी निघालं होतं; आबांनी आपणहून माझ्या हाती दिलेलं पहिलं नाव विषाचं होतं. मला वाटलं, बरोबरच दिलं.

*

बाकीची नावं पुढच्या दोन वर्षांत मिळाली. शिऊबाई चिनी चिठ्ठ्या लावायची, मी शेजारी बालबोध अक्षरांत लिहायचे. माझा मत्सर गेला असं मात्र कुणी समजू नये. तो मांजरासारखा घरातच राहिला, फक्त नखं आत घेऊन. आबा तिला हसून बोलले की अजूनही मला खुपायचं.

मग लिआंगचं दुकान चालेना आणि ती दोघं कलकत्त्याला तिच्या भावाकडे जायला निघाली. मोटारीच्या तळावर मी तिला सोडायला गेले. तिनं संत्र्याच्या सालींचा डबा माझ्या हातात ठेवला.

"दरवर्षी नव्या साली घालत जा. जुन्या आधी वापर," ती म्हणाली. "आणि वाटताना नावं घे."

"घेते की. तुमच्यात पद्धत आहे ना."

ती हसली. डोळे अगदी बारीक झाले. "आमच्यात अशी काही पद्धत नाही."

"म्हणजे?"

"तुमच्या घरचा कायदा आबाजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. नाव घेतलं की औषध मरतं. मी दारात आले तेव्हा तू माझं औषध मारत होतीस. एकेकाला, नाव घेऊन." तिनं माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "तुझा चेहरा बघितला, आणि जे सुचलं ते बोलले."

 ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"आणि ते... आधी चाखायचं?"

"तीही नाही. कुठला वैद्य घोड्याचं औषध पितो?"

"मग वाटी तोंडाला का लावलीस?"

"खल वाटता वाटता तुझा हात थांबला होता. आणि मग तू वाटी धरून आलीस, इतकी जपून. सांडू नये म्हणून कुणी इतकं जपत नाही, केवळा." ती मोटारीत चढली, खिडकीतून वाकली. "त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. पण तू कुठवर जातेस ते मला बघायचं होतं."

"आणि मी नसता मारला हात तर?"

"प्याले नसते," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "बहुतेक."

मोटार वळणावर गेली. मी डबा पोटाशी धरून उभी राहिले.

आता माझ्याकडे गावातल्या तीन मुली शिकायला येतात. त्यातल्या दोघी माहेरी परत आलेल्या. प्रत्येक बरणीवर नाव आहे, ठळक अक्षरांत. वाटायला बसलं की मी एकेक जिन्नस उचलून त्याचं नाव मोठ्यानं घेते, त्या माझ्यामागून घेतात. आणि जनावराला पाजण्याआधी, बाहेरून लावायचं नसेल तर, वाटीतला एक थेंब मी स्वतः जिभेवर ठेवते.

"असं कशाला, केवळाआजी?" मुली विचारतात. "घोड्याचं औषध तुम्ही का चाखता?"

मी म्हणते, "चिनी लोकांत पद्धत आहे."